अकरा घरांचा चहा

कडावच्या क्रिकेट सामन्यांत पदूकाकांनी मला झेलबाद दिलं, तेव्हा चेंडू माझ्या बॅटपासून वीतभर लांबून गेला होता. हे मी आजही सांगतो आणि मरेपर्यंत सांगणार. पण तीस वर्षं अंपायर असलेल्या माणसाशी भांडणार कोण? पुढच्याच षटकात मैदानात वासरू शिरलं आणि काका त्याच्यावर ओरडले, "फिल्डर, मागं सरक रं!" तेव्हा मात्र सगळ्यांनाच कळलं. मोतीबिंदू.

कर्जतच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी साखर उतरवा, मग ऑपरेशन. साखर तीनशे. पुढचे सामने पाच महिन्यांवर. कमिटीने हळूच दुसरा अंपायर शोधायला घेतला आणि काकांचं धाबं दणाणलं.

साखरेच्या डॉक्टर समिधाबाईंनी गोळ्या दिल्या आणि पथ्य सांगितलं. ताटात आधी भाजी, मग डाळ नाहीतर मासळी, भात शेवटी आणि मूठभरच. जेवल्यावर अर्धा तास चालायचं, म्हणजे रक्तातली साखर अंग वापरून टाकतं. चहा बिनसाखरेचा. काकांनी सगळं पाळलं. ताटातला भाताचा डोंगर गेला. जेवून उठले की चपला घालून गावभर फिरायचे. महिन्याने साखर निघाली तीनशे चाळीस.

"मशीन बिघडलंय," काका म्हणाले.

जिजाकाकूंचा मशीनवर भरवसा होता, नवऱ्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या गुपचूप मागे निघाल्या. आमच्या गावात ओटीवर आलेल्या माणसाला चहाशिवाय सोडत नाहीत आणि काकांच्याने कुणाला नाही म्हणवत नाही. नंदाकडे चहा, नागूकडे चहा, करत करत अकरा घरं. त्यात आजारी माणसाला फिका चहा कसा द्यायचा, म्हणून प्रत्येकीने साखर जरा जास्तच घातलेली!

"अवो, चहा बिनसाखरेचा सांगितलाय ना?"

"घरचा बिनसाखरेचाच पितो ना गं!"

काकूंनी कपाळावर हात मारला.

त्यानंतर चालणं शेतांच्या बांधावर. तिथे ना घर, ना चूल. काकांना बांध नीट दिसत नसे, म्हणून पुढे काकू आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे काका. तीन महिने रोज, दोन्ही वेळा. साखर उतरली आणि ऑपरेशन झालं.

पट्टी काढली तेव्हा मी मुद्दाम हजर होतो. म्हटलं, आता माझ्या विकेटचं विचारूच. पण काका काकूंकडेच बघत राहिले.

"केवडी वाळलीस गं! बरी हायस ना?"

"मला काय झालंय? तुमच्याबरोबर चालले, तुमचंच पथ्याचं जेवले, फिका चहा प्याले. तुमाला दिसत नव्हतं."

काकांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

"चुकलंच माझं," काका म्हणाले.

ते काकूंसाठी होतं. पण त्यातलं थोडं मी माझ्या विकेटसाठी घेतलं.