मी न दिलेली चांदणी

पहिल्या ओळीत एकच जागा रिकामी होती आणि निखिल माझ्याकडे बघत होता.

"देवयानीजी, बोलिए. आपने तो सब देखा है."

सोमवारची मीटिंग. गुडगावमधलं आमचं ऑफिस, अकरावा मजला. निखिल आमचा कंटेंट हेड, म्हणजे माझा बॉस, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. समोरच्या भिंतीवर आमच्या ॲपचा होम स्क्रीन लावलेला होता. पाच चित्रं ठरली होती. सहावा चौकोन कोरा होता.

पहिली ओळ म्हणजे काय ते आधी सांगते. तुम्ही टीव्हीवर असलं ॲप उघडता तेव्हा चित्रांच्या आडव्या ओळी दिसतात ना, त्यातल्या बहुतेक मशीन लावतं. तुम्ही काल काय पाहिलंत, अर्धवट काय सोडलंत, त्यावरून. पण सगळ्यात वरची ओळ आमच्याकडे माणसं लावायची, आणि ती लावणं हीच माझी नोकरी होती. लग्नाला गेले तरी लोक मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, "काहीतरी बघण्यासारखं सांगा हो. अर्धा तास शोधण्यातच जातो, जेवण गार होऊन जातं." लोकांचा आळस आम्हाला पक्का ठाऊक होता. तिसऱ्या ओळीच्या खाली सहसा कोणी उतरत नाही. म्हणजे तिथे जे पडलं, ते पडलंच.

त्या चौकोनासाठी दोन सिरीज होत्या. एक जयपूरच्या लग्नातल्या गोंधळाची, भरपूर लेहेंगे असलेली. दुसरी 'अस्तर'.

'अस्तर' पानिपतची होती. पानिपतला परदेशातून जुने लोकरी कपडे गठ्ठ्यांनी येतात. ते फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं होतात. त्याआधी गोदामात बायका ओळीने बसून कोटांची बटणं आणि अस्तरं कापून वेगळी करतात. या सिरीजमधली विमला अशीच एक. प्रत्येक भागात तिला एका कोटाच्या अस्तरात काहीतरी सापडतं. किल्ली, चिठ्ठी, एकदा तर कोणाच्या तरी कवळीतला दात. मग सगळ्या बायका मिळून त्या कोटाच्या मालकाचं चरित्र रचतात, आणि ते हमखास चुकतं. सहा भाग, सहा कोट. मी एका रविवारी सलग सगळे पाहिले. चौथ्या भागापर्यंत हसत होते, पाचव्याला रडले, आणि सहाव्यातला कोट कोणाचा हे कळल्यावर उठून उगाच बाल्कनीत जाऊन उभी राहिले. त्या वर्षी मी त्याहून चांगलं काही पाहिलं नव्हतं.

आणि मीटिंगमध्ये मी म्हटलं, "इस पर मैं नहीं बोलूँगी. रिद्धिमा देख ले."

"क्यों? अच्छा नहीं है?"

"फ्रेश व्ह्यू आना चाहिए. बस."

निखिलने खांदे उडवले आणि पुढचा विषय घेतला.

कारण सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. कारण एवढंच होतं की 'अस्तर' मुनाफने केली होती.

मुनाफ मिरजेचा. केबल घराघरात येऊन चॅनेलची नुसती रांग लागली, त्या दिवसांत मी नोएडाला एका साप्ताहिकात होते. कोणत्या चॅनेलवर किती वाजता काय, हे छापणारं साप्ताहिक. मुनाफ तिथे पानं लावायचा. बावीस-तेवीस वर्षांचा होता, आणि अख्ख्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मला ताई म्हणायचा. चॅनेलवाले आधी टेप पाठवायचे. त्या बघून मी बघण्यासारख्या कार्यक्रमापुढे एक चांदणी छापायची. आमचा नियम साधा होता. चांगल्याला चांदणी, वाईटावर मौन. वाईटाला शिव्या घालत बसायचं नाही, छापायला जागा कमी असते. तो नियम माझाच. मुनाफला तो इतका आवडला की कॅन्टीनची भाजी वाईट असली तरी तो नुसता गप्प बसायचा आणि माझ्याकडे बघायचा.

पुढे ते साप्ताहिक बंद पडलं. मी चॅनेलमध्ये गेले, मग इथे आले. मुनाफ गुडगावजवळ मानेसरला कारखान्यांसाठी सेफ्टीच्या फिल्म बनवायला लागला. हेल्मेट घाला, हात मशीनमध्ये घालू नका, अशा. ते करता करता त्याने चार वर्षं पानिपतला खेपा घातल्या आणि 'अस्तर' उभी केली. गोदामातल्या खऱ्या सहा बायकांनीच त्यात कामं केली आहेत. सिरीज आमच्याकडे आल्यावर त्याचा एकच मेसेज आला: 'ताई, बघा. चांदणी मिळाली तर सेफ्टीवाल्यांना रामराम ठोकीन. दुसरा सीझन डोक्यात तयार आहे.'

मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, निर्णय होईपर्यंत बोलणं बरं नाही.

आता हे असं का, तर आमच्या घरामुळे. मी दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. दिवाळीत दारात आलेला मिठाईचा डबा ते हसतमुखाने परत करायचे आणि आम्ही आतून डब्याकडे बघत राहायचो. एकदा त्यांच्या सख्ख्या पुतण्याचा अर्ज त्यांच्याच टेबलावर आला, तर त्यांनी तो दुसऱ्याच्या टेबलावर सरकवला. ही गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा सांगितली गेली आहे की पाठ आहे. लोकांत म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्याकडे उलटं. आपलं असेल तर ते आधी कार्टं.

ऑफिसात बाकीचे बिनदिक्कत आपलं घोडं पुढे दामटायचे. चंदीगडचा माणूस चंदीगडच्या मित्राचं, कोलकात्याची बाई कोलकात्याचं. "यार, अपना बंदा है, देख लो," असं उघड म्हणायचे. मला ते बघून आत कुठेतरी छान वाटायचं. आपण तसल्या नाही, म्हणून. आज ते आठवलं की लाज वाटते.

रिद्धिमा माझ्या हाताखालची, हुशार मुलगी होती, पण त्या आठवड्यात तिच्या डोक्यावर नऊ सिरीज होत्या. तिने 'अस्तर'चा पहिला भाग दहा मिनिटं पाहिला आणि बाकीचा सारांश वाचला.

"मॅम, थोड़ा हेवी है ना? मज़दूर औरतें, गोदाम..."

माझ्या जिभेवर आलं होतं की अगं, पुढे बघ, हसून पोट दुखेल तुझं. पण मी म्हटलं, "जो तुम्हें ठीक लगे."

तिने टॅग लावले. टॅग म्हणजे बरणीवरची चिठ्ठी. बरणीत काय आहे हे मशीनला कळत नाही, त्याला फक्त चिठ्ठी वाचता येते. विनोदी, कौटुंबिक, रहस्य, जे लिहाल ते बघणाऱ्यांपुढे मशीन ती बरणी नेऊन ठेवतं. रिद्धिमाने लिहिलं: डॉक्युमेंटरी, सामाजिक, संथ. साखरेच्या बरणीवर मीठ लिहिलं गेलं. चौकोन जयपूरच्या लेहेंग्यांना मिळाला आणि 'अस्तर' नवव्या ओळीत गेली.

दुसऱ्या आठवड्यात आकडे आले. सुरू केलेलं शेवटपर्यंत किती जण बघतात, त्याला आम्ही कम्प्लीशन म्हणतो. पहिल्या चार आठवड्यांच्या कम्प्लीशनवर दुसरा सीझन ठरतो, बाकी कशाला फार किंमत नाही. 'अस्तर'ची अवस्था वाईट होती. गंभीर डॉक्युमेंटरी बघणारे लोक यायचे, पहिल्याच भागात बायका एकमेकींची टिंगल करताना दिसल्या की निघून जायचे. ज्यांनी ती डोक्यावर घेतली असती त्यांना ती दिसतच नव्हती. मला कारण एका नजरेत कळलं. दुसरी कुठलीही सिरीज असती तर मी तिथल्या तिथे रिद्धिमाच्या खुर्चीशी जाऊन टॅग बदलायला लावले असते. पाच मिनिटांचं काम होतं. अशी कामं मी महिन्यातून दोनदा करायची.

पण आता बोलले तर निखिल विचारणार, तेव्हा का नाही बोललात? मग मुनाफची ओळख निघणार. मी मिठाची गुळणी धरून बसले. तिसरा आठवडा गेला, चौथा गेला. पाचव्या सोमवारी निखिलने यादी वाचली आणि 'अस्तर'पुढे म्हणाला, "ड्रॉप." पुढचं नाव घ्यायला त्याला श्वासही घ्यावा लागला नाही.

त्याच आठवड्यात घरी बाबांनी विषय काढला. ते नव्वदीचे, आमच्याकडेच असतात. दुपारभर ॲपवर काहीबाही शोधत बसतात आणि सगळ्या ओळी शेवटपर्यंत उतरून बघणारे माझ्या माहितीतले ते एकटेच.

"ती पानिपतची कोटांची गोष्ट कोणी केली आहे गं? फार सुंदर आहे. मी दोनदा पाहिली."

"मुनाफने. नोएडाला माझ्याबरोबर होता तो."

"अरे वा. मग तू वर लावली असशील."

मी त्यांना सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर थोडं अभिमानानेच सांगितलं. तुम्ही पुतण्याचा अर्ज सरकवलात तसंच मी केलं, असंही म्हटलं.

बाबांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, "अर्ज सरकवला, पण वर चिठ्ठी लावली होती. हा माझा पुतण्या आहे, म्हणून मी सही करत नाही. कागद मी तपासले आहेत, पूर्ण आहेत. असं लिहून खाली नाव घातलं होतं. नुसता सरकवला असता तर तो धूळ खात पडला असता. त्या पोराची काय चूक?"

"हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्हाला सरकवण्याचीच गोष्ट आवडायची."

दुसऱ्या दिवशी मी मुनाफला फोन केला. म्हणाला, मानेसरला शूटिंग आहे, जेवणाच्या सुट्टीत गेटवर या. कारखान्याच्या गेटसमोर चहाची टपरी होती, कामगारांच्या बस ओळीने उभ्या होत्या. मुनाफ डोक्यावर पिवळं हेल्मेट घालूनच आला. केस पांढरे झालेत त्याचे, हे मला हेल्मेट काढल्यावर दिसलं.

मी म्हटलं, "दुसरा सीझन आमच्याकडे होणार नाही. पण हक्क तुझ्याकडे आहेत ना? दुसरीकडे कुठे दाखव. मी स्वतः बोलते लोकांशी."

"एकांनी विचारलं होतं, ताई. गेल्याच महिन्यात. करूया म्हणाले."

"मग?"

"मी नाही म्हणून टाकलं."

"नाही? का रे?"

त्याने चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "तुम्ही पाहिली होती ना?"

"सगळी. सहाही भाग."

"मला वाटलंच. मेसेज केला, उत्तर नाही. ॲपवर बघतो तर कुठे खाली नवव्या ओळीत. म्हटलं, ताईंनी पाहिली आणि गप्प बसल्या." तो हसला, अगदी साधं. "वाईटावर मौन. नियम तुमचाच की. दुसरे काय, काहीही म्हणतील. त्यांना काय कळतं. तुमच्या पसंतीला नाही उतरली म्हणजे नाहीच जमली, असं मी धरून चाललो. त्या बायकांनाही सांगून टाकलं की पुढचं काही नाही."

मी त्याला तिथेच सगळं सांगितलं. ओळखीचं, मीटिंगचं, टॅगचं. आणि हेही की त्या वर्षी मी तिच्याहून चांगलं काही पाहिलं नव्हतं. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"आता सांगताय होय," एवढंच म्हणाला. मग भोंगा वाजला. त्याने हेल्मेट घातलं आणि आत गेला.

मी त्या दुसऱ्या कंपनीत कोणाकोणाला फोन केले. वरातीमागून घोडं. त्यांनी तोवर दुसरं काही घेतलं होतं. निखिलला मी सगळं सांगितलं, तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "तो बोल देतीं ना, मॅम. इसमें क्या था?" खरंच, काहीच नव्हतं. वर्षभरात आमचा करार संपला आणि 'अस्तर' ॲपवरून उतरली. मुनाफ अजून मानेसरलाच आहे. दिवाळीला त्याचा मेसेज येतो, मी लगेच उत्तर देते.

मी आता निवृत्त आहे. पहिली ओळही मशीनच लावतं, आणि ते कोणाचा पुतण्या कोण हे बघत नाही. लग्नात लोक अजून विचारतात, काहीतरी बघण्यासारखं सांगा. मी दोन-चार नावं सांगते. जे सांगायचं असतं ते आता कुठेच मिळत नाही.

ह्यातून शिकले ते थोडकं आहे. माणूस ओळखीचा असेल तर तसं सांगावं, आणि काम चांगलं असेल तर तेही सांगावं. दोन वाक्यं लागतात. मी चार आठवडे त्यातलं एकही बोलले नाही, आणि त्याला सचोटी म्हणत होते.