पेरूच्या गाड्यावरची पाटी

देवगाव फाट्यावर बस बदलताना मी त्या म्हाताऱ्याकडून पेरू घ्यायचो. सगळे त्याला मामाच म्हणायचे. पेरूला चार काप द्यायचा, पण देठाशी सोडून. मग तो फुलासारखा उघडायचा. त्यात बोटानं तिखट-मीठ चोळून हातात द्यायचा आणि पहिला घास घेईपर्यंत तोंडाकडे बघत राहायचा.

गेल्या महिन्यात धर्म वाचवायला निघालेली सात-आठ पोरं गाड्याला भिडली. "नावाची पाटी लाव. कोणाकडून घ्यायलेत ते लोकांला कळू दे!"

बारा वर्षांत मला त्याचं नाव विचारावंसं वाटलं नव्हतं. ती पोरं दरडावत होती आणि मी, शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस, पेरू चघळत उभा होतो.

पोरं गेल्यावर मामानं सुरी पुसली. म्हणाला, "सर, पेरू गोड हाय का, ते एकानं बी न्हाई इचारलं."

आता गाड्यावर पाटी आहे. हे सांगितलं की लोक आधी विचारतात, "नाव काय त्याचं?"

नाही सांगणार. नाव ऐकून मग चिडायचं की नाही ते ठरवणार असाल, तर तुमच्यात आणि त्या पोरांत फरक काय?