रामटेकेबाईंचा दुसरा गिअर

अंजनाबाई रामटेके स्कूटरवर बसत आल्या त्या कायम मागे, एका बाजूला पाय सोडून. पुढे त्यांचे यजमान, बळीराम. बळीराम एसटीत ड्रायव्हर होते. काटोलच्या रस्त्यावर त्यांची जवानी गेली आणि धक्का न देणारा हात म्हणून डेपोत त्यांचं नाव होतं.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांना लकव्याचा हलका झटका आला. जीव वाचला, चालणं सुधारलं, पण डाव्या हाताची मूठ काही वळेना. एसटीनं त्यांना गणेशपेठच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसवलं. स्कूटरचा क्लच आणि गिअर, दोन्ही डाव्या मुठीत. त्यामुळे ती नंदनवन वस्तीतल्या घरासमोर पोत्याखाली पडून राहिली. अंजनाबाई सदर भागातल्या शाळेत मास्तरीण. दोघंही सिटी बसनं जाऊ लागले. गर्दीत बळीराम एका हातानं दांडी धरून उभे राहत, आणि बस वळली की कोणाच्या तरी अंगावर जात. माफी मागताना त्यांचा चेहरा कसा होतो, हे अंजनाबाई रोज पाहत होत्या.

एका रविवारी त्यांनी पोतं काढलं, स्कूटर पुसली आणि म्हणाल्या, "मले शिकवा."

"तुले?" बळीराम म्हणाले. "सायकल तरी येते का?"

"येते. लग्नाच्या आधी सायकलनंच शाळेत जात होती मी. तुमी कधी इचारलंच नाही."

नंदनवनात तेव्हा मोकळे प्लॉट पुष्कळ. तिथं सकाळची शिकवणी सुरू झाली. तोल अंजनाबाईंना लगेच साधला. घोडं अडलं ते गिअरपाशी. क्लच दाबायचा, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, मूठ फिरवायची, मग क्लच सोडता सोडता पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. तोंडानं म्हणून दाखवताना सगळं बरोबर यायचं. पण पहिल्यावरून दुसरा टाकला की गाडी बिचकल्यासारखी उडी घ्यायची, मागे बसलेले बळीराम त्यांच्या पाठीवर आदळायचे, आणि इंजिन बंद.

"क्लच एकदम काहून सोडून राहिली?"

"हळूच तर सोडला."

"ह्याले हळू नाही म्हणत. माह्या गाडीत असा धक्का बसला असता, तर लोकायनं मलेच उतरवलं असतं."

अंजनाबाई उतरल्या. "मंग तुमीच चालवा," म्हणाल्या.

उजव्या हातानं हँडल धरून बळीराम गाडी ढकलत घराकडे निघाले. डावा हात हँडलवर नुसता ठेवलेला. अंजनाबाईंनी दुसऱ्या बाजूनं हात लावला. तसेच दोघं घरी आले.

संध्याकाळी बळीरामांनी त्यांना अंगणात हाक मारली. दोघांनी मिळून स्कूटर स्टँडवर चढवली, स्टँडखाली फरश्या सरकवल्या. मागचं चाक अधांतरी झालं.

"बस. आज कुठीच नाही जायचं. इथीच चालव."

इंजिन सुरू झालं, चाक हवेत फिरू लागलं. शेजारच्या पार्वतीबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. "कुठी चालली वं बाई?"

"काटोलले," अंजनाबाई म्हणाल्या. बळीराम हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

मग त्यांनी बाजूला उभं राहून आपला डावा हात बायकोच्या मुठीवर ठेवला. "आता मी सांगत नाही. हाताकडं ध्यान दे."

त्या हातात जोर नव्हताच. पण क्लच दाबायची वेळ आली की तो किंचित भारी व्हायचा, सोडताना हलका होत जायचा, आणि मध्येच जरासा थांबायचा. ते थांबणं अंजनाबाईंना आजवर सापडलं नव्हतं. क्लच अर्धा सुटतो, इंजिनचा आवाज खाली येतो, तिथंच दम धरायचा. पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. बळीरामांनी हात केव्हा काढून घेतला, ते त्यांना समजलंसुद्धा नाही.

लायसन मिळालं. पहिल्या दिवशी बळीरामांना गणेशपेठला सोडायचं ठरलं होतं, पण स्टँड आला तरी ते उतरेनात. "आधी तुह्या शाळेत जाऊ. मी रिक्षानं वापस येतो."

रेल्वेच्या पुलावर चढणीतच पुढचा ट्रक थांबला. अंजनाबाईंनी ब्रेकवर पाय दिला, दुसरा जमिनीवर टेकवला. मागे हॉर्न वाजायला लागले. बळीराम आपले सांगतच होते, चौकशीच्या खिडकीवर एक म्हातारा रोज येतो, गाडीची वेळ इचारतो अन् कुठीच जात नाही. ट्रक हलला. अंजनाबाईंनी पहिला टाकला, गाडी थरथरली, वर निघाली, मग दुसरा.

पूल संपल्यावर त्यांनी विचारलं, "कसा पडला?"

"काय?"

"दुसरा."

"कधी टाकला?" बळीराम म्हणाले.

अंजनाबाई सदरपर्यंत एकट्याच हसत राहिल्या.

पुढे मेडिकलच्या दवाखान्यात व्यायाम करून करून बळीरामांची मूठ वळू लागली. एका सकाळी ते स्कूटर घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले, नीट परत आले आणि उतरून मागच्या सीटपाशी जाऊन उभे राहिले.

"काहून? येते तर तुमाले."

"येते," ते म्हणाले. "पण मागं बसलं की बोलता येते."

अंजनाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि किक मारली.