आंबिवलीची बेबी, ठाण्याची सुनंदा

आंबिवलीला कुणी हौसेने जात नाही. आम्हीही हौसेने गेलो नव्हतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आई डोंबिवलीतल्या एका शाळेत शिपाई होती, आठ वर्षं हंगामी. कायम करायची यादी निघाली आणि ठाण्याच्या ऑफिसातल्या साहेबाने तिचा अर्ज परत केला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव होतं बेबी. बाकी सगळीकडे सुनंदा, जे लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं होतं. "ही बेबी कोण?" म्हणून साहेब हसला, मग टेबलाभोवतीचे चौघेही हसले. दोघी एकच आहेत असं माहेरच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आठ दिवसांत आणा, नाहीतर यादीतून नाव बाद. मला ते टेबल तिथेच उलथवावंसं वाटलं होतं.

संताप आजोबांचाही आला. तीन मुलग्यांची थाटात बारशी केली. चौथी मुलगी झाली, सुईणीच्या मदतीला आलेल्या नर्सबाई तिला बेबी म्हणाल्या, तेच राहिलं. नाव शोधायचे कष्ट कोण घेणार?

आईच्या माहेरी, आंबिवलीला निघताना आमच्या जिन्यात खालच्या मजल्यावरचे बेबीचेट्टन, म्हणजे बेबीदादा, भेटले. केरळचे, भरघोस मिशांचे, कारखान्यात फोरमन. त्यांच्या रेशनकार्डावर बेबी, पगाराच्या कागदावर बेबी. "हमारे गाव में चार बेबी है, एक तो पादरी है," ते ऐटीत सांगायचे. आईला हसू आलं. मला नाही आलं. या मिशाळ बाप्याला आजवर कुठल्या साहेबाने विचारलं होतं, ही बेबी कोण म्हणून?

कल्याणला उतरून मामीसाठी ब्लाउजपीस घेतलं. दुकान सिंध्याचं. त्याने आत "बेबी, पानी!" अशी हाक मारली आणि सत्तरीची एक बाई तांब्या घेऊन आली. त्याची थोरली बहीण. दुकानाच्या किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या. आई तिच्याकडे बघतच राहिली.

कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीने आंबिवली दुसरंच स्टेशन. तेव्हा पुढे पाऊण तास चालायला लागायचं, शेतांच्या बांधावरून. हल्ली रिक्षा मिळते म्हणे, तरी पाणी बरोबर ठेवा, वाटेत सावली नाही. नदी दिसली तशी आई थांबली. "मी इथे कपडे धूत असायची. आई दारातून हाक मारायची, बेबीऽऽ! इथपर्यंत ऐकू यायची गं." मग ती भराभर चालायला लागली.

दारात मामाच होता. "ये गो बेबी! कवा निघालीस?" मामीने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. अशी भाकरी मी परत कुठे खाल्ली नाही, हे रागातही कबूल करते. जेवण झाल्यावर आईने कागद पुढे केला. मामाने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"सही काय, आता करीन," तो म्हणाला. "पन बेबी, हा कागद झाला म्हंजे उद्या तू सातबाऱ्यावर येशील. बिल्डर फेऱ्या मारतात हल्ली. तू पयला हक्कसोड करून दे."

म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावांना लिहून द्यायचा.

"मामा, ती तुमची बहीण आहे की नाही?" मी ओरडलेच.

"हाय ना. म्हनून तं सांगतो."

परतीच्या वाटेवर मी आईला सोडलं नाही. कोर्टात जाऊ, वकील करू, त्याला उघडा पाडू. आई म्हणाली, "कोर्ट दहा वर्षं चालेल. यादी आठ दिवसांत लागणार आहे."

तिसऱ्या दिवशी कल्याणच्या नोंदणी कचेरीत गेलो. बाहेर ताडपत्रीखाली टायपिस्ट बसलेले. मामा, त्याच्या पाठचे दोन्ही मामा आणि दोन साक्षीदार आधीच हजर. हक्कसोडीत टाइप झालं होतं, 'सौ. सुनंदा, माहेरचे नाव बेबी, ही आमची सख्खी बहीण'. तिथे कुणालाच शंका नव्हती. काढून घ्यायच्या वेळी बरोबर ओळख पटली सगळ्यांना! आईने शाळेतल्या अक्षरात सावकाश 'बेबी' अशी सही केली, लग्नानंतर पहिल्यांदाच. मग मामाने प्रतिज्ञापत्रावर केली. नंतर त्याने मिसळ मागवली. मी प्लेट परत सरकवली, आईने मात्र खाल्ली.

तिथून थेट ठाणे. साहेबाने तो कागद न वाचताच फायलीत लावला.

आई कायम झाली, पुढे पेन्शनही बसली. त्या पेन्शनवर ती ताठ मानेने जगली, हे खरं. पण माझा राग गेलेला नाही. त्या शेतावर आता सात मजली इमारत आहे आणि मी त्या बाजूला फिरकत नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मामा साडी घेऊन आला. दारातूनच हाक, "बेबी, अगो बेबी!"

मी काही बोलणार तेवढ्यात आई निरांजन घेऊन बाहेर आली. "दादा, आता सुनंदा म्हणायचं."

"आता का गो?"

"वाटा सोडला तो बेबीने. तुला हवं ते सगळं तिने देऊन टाकलं. आता ती राहिली नाही."

मामा पाटावर मान खाली घालून बसला. आईने टिळा लावला, ओवाळलं, पोटभर जेवायला घातलं. पुढे अठरा वर्षं तो न चुकता आला. पण आईला त्याने परत कुठल्याच नावाने हाक मारली नाही.