पंख्याची अर्धी गिरकी

दसऱ्याच्या सकाळी मी कॉम्प्युटरचे बटण दाबले आणि आतला पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबला. पुन्हा दाबले. पुन्हा तेवढीच गिरकी, मागोमाग एक बारीक ‘टक्’. कुणी बोलायला तोंड उघडावे आणि शब्दाआधीच ओठ मिटावेत, तसे ते होते. पडदा काळा राहिला.

त्या पेटीत माझ्या बेचाळीस कविता होत्या. जांब्याला राहायला आल्यापासूनच्या सहा वर्षांतल्या. माझे पहिले पुस्तक. संपादकांना ते दिवाळीआधी हवे होते आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. हे लिहिताना आजही लाज वाटते. कच्च्या वह्या गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत मीच रद्दीत घातल्या होत्या. अपुरी कविता कुणाकडेही धाडायची नाही, हा माझा हट्ट होता. तो मला त्या काळी निष्ठेसारखा वाटे.

कॉम्प्युटर माझ्या नवऱ्याने घरीच बांधलेला. लग्नाच्या पहिल्या वर्षी सुटे भाग आणून त्याने फरशीवर चादर पसरली होती आणि दोन दिवस त्यावर ओणवा होता. मी टॉर्च धरला होता. ‘हे काय?’ असे विचारले की तो म्हणे, ‘तू फक्त उजेड धर, तुला यातलं कळत नाही.’ पुढे त्याला कंपनीचा लॅपटॉप मिळाला आणि ही पेटी माझ्या खिडकीपाशी आली. लिहायला माझी, उघडायला त्याची.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या मालकीणबाई, मी त्यांना काकू म्हणते, खालच्या अंगणात ट्रॅक्टर, कोयते आणि पाण्याच्या मोटारीची पूजा उरकून ताट घेऊन वर आल्या.

‘तुमचं हत्यार कुटं हाय?’

मी पेटीकडे बोट दाखवले.

‘आगं, हिचं तोंड भिताडाकडं! पूजेला असं चालत न्हाई. पूर्वेला फिरव.’

मी हलवेपर्यंत त्यांनी स्वतःच पेटी आडवी कलवून उंबऱ्याकडे वळवली, सरळ केली, वर हळद-कुंकू वाहिले, झेंडूचे फूल पाण्यात बुडवून दोन थेंब शिंपडले आणि ओल्या अक्षता टाकल्या. ‘आता बघ कशी पळती,’ म्हणाल्या. ओल्या झेंडूचा तो तुरट, हिरवा वास खोलीत दिवसभर होता.

त्यामुळे दसऱ्याला नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. ‘वीज चालते त्यात! आणि तू उभी राहून बघत होतीस?’

मी तडक खाली गेले. काकू सोन्याची पाने निवडत होत्या.

‘काकू, तुम्ही पाणी शिंपडलंत आणि ते बंद पडलं. माझं सगळं त्यात होतं.’

‘दोन थेंबानं? आमच्या ट्रॅक्टरवर तांब्या रिता करते मी, त्यो न्हाई कवा बंद पडला!’

‘तो ट्रॅक्टर आहे. तुम्हाला यातलं कळत नाही.’

वाक्य तोंडातून गेल्यावर मला ते कुणाचे आहे हे कळले. काकूंनी पाने तशीच पदराखाली ओढली. त्या संध्याकाळी सोने द्यायला त्या वर आल्या नाहीत, आणि मीही गेले नाही.

नवरा म्हणाला, शनिवारी बघू. शनिवारी मी कासारसाईच्या बाजूला मैत्रिणीकडे गेले होते. परत आले तेव्हा तो हात धूत होता. ‘उघडून पाहिलं. बोर्ड गेलाय. जुनं झालं, आता भंगारच ते.’ माझ्या फाइली? ‘बघू नंतर.’ एवढेच.

मी चार दिवस तिच्याकडे पाहत राहिले. खिडकीबाहेर इमारतींच्या मधोमध उरलेल्या तीन खाचरांत भात पिकत आले होते. त्याचा दुधट, उबदार वास आणि सिमेंटची धूळ एकाच वाऱ्यावर येत. बुधवारी नवरा हिंजवडीला गेल्यावर मी फोनवर दुरुस्तीचा एक व्हिडिओ लावला, पेचकस घेतला आणि डाव्या बाजूचे झाकण उतरवले.

आतला वास मला अजून आठवतो. तापून गार झालेल्या धुळीचा, थोडा लोखंडाचा, वर कुंकवाचा. लाल अक्षता पंख्याच्या पात्यांत आणि तारांच्या वळणांत अडकल्या होत्या. भुवया कोरायच्या चिमट्याने मी एकेक दाणा वेचला. सतरा निघाले. बटण दाबले. अर्धी गिरकी, टक्.

मग वीजपुरवठ्याचा डबा वेगळा केला आणि त्याच्या जाड जुडग्यातली हिरवी तार काळीशी यू-पिनने जोडली. डब्याचा स्वतःचा पंखा पूर्ण फिरला. म्हणजे वीज शाबूत होती. मग मेमरीची पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबराने घासले. हा उपाय सगळेच सांगतात. ज्या वस्तूने मी आयुष्यभर शब्द घालवले तिने काहीतरी परत येईल, या कल्पनेचे मला हसू आले. काही परत आले नाही. अर्धी गिरकी, टक्.

आता उरला मुख्य बोर्ड. त्याच्यात खोचलेल्या तारा मी काढल्या. त्यांतली एक चपटी लाल तार पत्र्याच्या फटीतून मागच्या कप्प्यात जात होती. ती कुठवर जाते हे मी पाहिले नाही. नऊ स्क्रू सोडवले आणि बोर्ड उचलला. त्याच्या पाठीमागे, बोर्ड आणि पत्रा यांच्या चिंचोळ्या फटीत, एक काळा स्क्रू अडकून बसला होता.

मला ती फरशीवरची चादर आठवली. जोडणी संपताना एक स्क्रू कमी भरला होता. मी म्हणाले होते, आत पडला असेल. तो म्हणाला होता, ‘पडला तर पडला, काही होत नाही.’ आठ वर्षे तो स्क्रू एका कोपऱ्यात निपचित राहिला. पूर्वेकडे तोंड करताना पेटी कलली आणि तो घरंगळून सोल्डरच्या नको त्या दोन टाक्यांना भिडला. पाण्याचा दोष नव्हता, अक्षतांचाही नव्हता.

सगळे पुन्हा जोडून बटण दाबले, तेव्हा पंखा थांबला नाही. पडदा उजळला. मी खरोखर टाळी वाजवली, एकटीनेच. मग पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ आली: डिस्क सापडत नाही.

मी उजव्या बाजूचे झाकण काढले. लाल तारेचे दुसरे टोक मोकळे लोंबत होते. डिस्कच्या जागी धूळ नसलेला एक स्वच्छ आयत होता.

नवऱ्याला फोन लावला.

‘अगं, ती मी शनिवारी मालकांना दिली. त्यांच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या डब्यात बसवायला हवी होती. आपली पडूनच होती ना.’

‘त्यात माझं पुस्तक होतं.’

‘मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी बोलू.’

मी जिना उतरले. काकू टीव्हीसमोर बसून लसूण सोलत होत्या. पडद्याचे चार चौकोन केलेले होते: फाटक, गाड्यांची जागा, पाण्याची टाकी, जिना.

‘ये,’ त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. ‘जिन्यात दिसलीस मघाशी.’

‘काकू, तुमच्यामुळे बिघडलं नव्हतं. आत जुना स्क्रू निघाला. ह्यांच्याच हातून पडलेला. मी तुम्हाला बोलायला नको होतं.’

त्यांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. ‘मी ह्यास्नी रोज इचारीत व्हते, दोन थेंबानं मशीन मरतं व्हय? माझ्या जिवाला लई लागलं व्हतं.’ मग माझा चेहरा पाहून, ‘आता काय झालं?’

मी कॅमेऱ्यांच्या डब्याकडे बोट केले. ‘त्यात जी डिस्क बसवली, तिच्यात माझं लिहिलेलं होतं.’

‘मंग काढून घे की! आत्ता बंद करते मी त्यो.’ त्या लगेच उठल्या.

काढता आले असते तर! डबा बसवणाऱ्या माणसाला त्यांनी फोन केला, आणि तो म्हणाला की डबा जुने सगळे आधी पुसतो, मगच रेकॉर्डिंग सुरू करतो. शनिवारपासून चोवीस तास त्यावर चित्रण चढते आहे. काकूंनी तरी बटण बंद केले. टीव्ही काळा झाला. आम्ही दोघी त्याच्यासमोर लसणाच्या वासात बसून राहिलो.

संध्याकाळी नवरा आला. कॉम्प्युटर चालू पाहून त्याला आनंद झाला. ‘बघ, बांधणी कशी भक्कम आहे!’ मी त्याच्या हातावर स्क्रू ठेवला. त्याने तो उलटसुलट करून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, ‘तू सांगायचंस ना, महत्त्वाचं आहे म्हणून.’

‘पुस्तक आहे हे तुला माहीत होतं.’

‘कविताच आहेत ना पण? तुझ्याच. पाठ नाहीत तुला?’

त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. तो खरोखरच विचारत होता, आणि ते अधिक वाईट होते.

दुसऱ्या दिवसापासून मी आठवायला बसले. शब्द येत होते. ओळ कुठे तोडली होती ते येत नव्हते. ‘भात’ हा शब्द ओळीच्या शेवटी होता की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला? मी तिथे श्वास कुठे ठेवला होता? आठ दिवसांत अकरा कविता कागदावर आल्या. वाचल्या तेव्हा त्या कुणी दुसऱ्या बाईने माझ्याविषयी ऐकून लिहिल्यासारख्या वाटल्या. मी त्या फाडल्या.

धनत्रयोदशीला संपादकांचा फोन आला. मी सांगितले, पुस्तक होणार नाही, कॉम्प्युटर बिघडला होता.

‘अहो, मग दुरुस्त करून घ्या की,’ ते हसले. ‘हल्ली तासाभरात होतं.’

‘केला आहे,’ मी म्हणाले. ‘मीच केला.’