साळवे गुरुजी आणि आभाळातली नदी

हवामान केंद्रात नोकरी केली की पर्जन्यमापकात पाऊस कमी अन् डोक्यात किस्से जास्त साचतात. आमच्या बदनापूरच्या केंद्रातले निम्मे तर एकट्या साळवे गुरुजींचे!

गुरुजी रिटायर्ड भूगोल शिक्षक. सकाळी साडेआठला आम्ही नोंदी घेतो, तेव्हा रोज हजर. या हिवाळ्यात एकदा म्हणाले, "काय रे, उंचावरच्या वाऱ्याचं, त्या जेट स्ट्रीमचं वळण आज कुठंय?"

"गुरुजी, हे तुम्हीच शिकवलं की आम्हाला!"

"शिकवलं होतं. पण तवा माझी लेक तिच्याखाली राहत न्हवती."

लेक म्हणजे सुजाता, आमच्याच वर्गातली. आता कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, डोंगरउतारावरच्या घरात राहते.

*

मोसंबीवाले कडूबा काका केंद्रात गप्पांना येतात. गुरुजी त्यांना समजावत होते: समुद्रावरून वाफेचा लांबलचक पट्टा निघतो, उंचावरची जेट स्ट्रीम वाकेल तिकडं वळतो, अन् किनाऱ्याच्या डोंगराला धडकला की नुसता ओततो. शास्त्रज्ञ त्याला आभाळातली नदी म्हणतात.

काकांनी वर पाहिलं. "आभाळातबी नदी? मंग आमची दुधना जमिनीवर असून कोरडी कशी?"



*

आमच्या फळ्यावर मंठा, राजूर, बदनापूरचा पाऊस असतो. गुरुजी खाली चौथी ओळ लिहू लागले: सुजाताचं गाव. वरचे तिन्ही शून्य, चौथा आकडा तीन अंकी! एका शेतकऱ्यानं विचारलं, "हे कोन्या तालुक्यात येतं?"

गुरुजी खडू झटकत म्हणाले, "आमच्या घरात."

*

मग जेट स्ट्रीम अडून बसली. त्याच किनाऱ्यावर वादळामागून वादळ. उतारावरची घरं रिकामी करा, असा हुकूम निघाला. गुरुजींनी केंद्रातूनच फोन लावला, स्पीकरवर. तिकडं अजून आदली संध्याकाळ.

"बाबा, शेजारचं कुणीच गेलं न्हाई. मी काम करून राह्यले, मीटिंग आहे माझी."

गुरुजींनी नकाशा समजावला, भिजलेल्या मातीचं वजन समजावलं, शेवटी विनवणी केली. ती ऐकेना. आम्हालाही भीती वाटत होती.

अचानक गुरुजी उठून उभे राहिले. आवाज थेट सातवीच्या वर्गातला!

"साळवे सुजाता! उभी राहा!"

पलीकडं खुर्ची सरकली.

"उभी आहे, गुरुजी."

"दप्तर उचल. जल्दी! अन् वर्गाच्या बाहेर हो!"

पलीकडं बॅगेची चेन ओढली गेली. मग फोनमधून दार लागल्याचा आवाज आला, अन् नंतर नुसता पाऊस.