मुहूर्ताच्या गाठी

चोपड्याच्या बाहेर जुन्या जिनिंग-प्रेसची विटांची चिमणी आहे. बॉयलर भंगारात गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. चिमणीत आता पोपट राहतात. तरी रिक्षावाला विचारतोच, चिमणीच्या अलीकडे की पलीकडे? जळगावला डाळ आणि पाइप, दीपनगरला वीज, वरणगावला दारूगोळा, तशी आमच्याकडे ही चिमणी आणि तिच्या पायथ्याशी कापूस. मी तिथे फिटर होतो. निवृत्त झालो, तरी हंगामाचे पहिले काही दिवस प्रेस लावून द्यायला मला बोलावतात. धुरपदाबाई तिथे कापसात होती. अजून आहे.

तिचं काम सांगायला सोपं आहे. शेतकऱ्याचा कापूस जिनात, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रात, जाण्याआधी त्यात हात घालून नको ते काढायचं. काड्या, खडे, सुतळी. बाकीच्या बाया वरवर चिवडतात. धुरपदाबाई खांद्यापर्यंत हात घालते, आत बोटं पसरते आणि हात हळू ओढून काढते. मग एक पाऊल सरकून पुन्हा तेच. दिवसभर करून बघावं. दुसऱ्या दिवशी हात डोक्यापर्यंत जात नाही.

ती एवढं करते ते भीतीने. तिची थोरली बहीण कुंदाबाई याच जिनिंगमध्ये कामाला होती. एकदा कापसातून लोखंडाचा तुकडा आत गेला, जिनच्या सुरीवर आपटला, ठिणगी पडली. ठिणगी रुईत गेली आणि रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधली गेली. गाठीत आग बसली की बाहेरून कळत नाही. वरचं कापड थंड लागतं. आतल्या आत ती धुमसत राहते आणि वारा मिळाला की फुटते. ती गाठ गोदामात फुटली तेव्हा कुंदाबाई आत झाडत होती. धुरपदाबाईने तिला ओढून बाहेर काढलं. कुंदाबाई वाचली नाही. धुरपदाबाईचे हात कोपरापर्यंत भाजले, ते डाग तसेच आहेत.

तेव्हापासून येता-जाता गाठींवर तळहात ठेवायची तिला सवय. हमाल चिडवतात.

"अक्का, गाठले ताप शे का?"

"शे. पन तुनी जीभले जास्त शे."

गेल्या हंगामाचा मुहूर्त अभिमननानांच्या ट्रॉलीने झाला. पहिली ट्रॉली नेहमी त्यांचीच. पिकाला दृष्ट लागू नये म्हणून नाना कापसात लिंबू, मिरच्या आणि एक लोखंडी खिळा काळ्या फडक्यात बांधून ठेवतात. ती पुरचुंडी धुरपदाबाईने काढून नानांच्या हातात दिल्याशिवाय कापूस खाली होत नाही. त्या दिवशीही तिने ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्यातून ती काढली.

"नाना, हा घ्या तुमना राखणदार."

नारळ फुटला. जिन सुरू झाले. त्या ट्रॉलीच्या तीन गाठी झाल्या. रीतीप्रमाणे तिन्हींना कुंकू लावलं. मुहूर्ताच्या गाठी हंगामाच्या पहिल्या ट्रकमध्ये सगळ्यांत आधी चढवतात. त्याही चढल्या, तळाशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांची सून नूतन पेढे घेऊन आली. धुळ्यात शिकलेली, बोलायला मोकळी.

"मावशी, दोन्ही पुरचुंड्या मिळाल्या ना?"

"दोन?"

"एक आमची, एक मी तुमच्यासाठी ठेवली. म्हटलं, जिनिंगलाही कोणाची दृष्ट नको. अगदी मधोमध ठेवली होती, खाली."

धुरपदाबाईने पेढा तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. दरवर्षी एकच असते. एक मिळाली म्हणून तिने मधला भाग चाचपलाच नव्हता.

आम्ही जिनापुढचं लोहचुंबक उघडलं. पत्र्याचे तुकडे होते, एक नट होता. खिळा नव्हता. कापसाच्या ढिगाची जागा झाडली. फडकं नाही, लिंबाची साल नाही. म्हणजे फडक्यात बांधलेला खिळा चुंबकाला चुकवून आत गेला होता.

ती आवाराकडे पळाली. मी तिला कधी पळताना पाहिलं नव्हतं. ट्रकवर ताडपत्री चढली होती आणि दोर आवळत होता नवल. तो तिचा एकुलता एक मुलगा. तोच ड्रायव्हर. गाठी गुजरातला सूतगिरणीत जायच्या होत्या. वाटेत तो गाठींना टेकलेल्या केबिनमध्येच झोपतो.

तिने फळ्यांच्या फटीतून हात घातला. बोटं कुंकवापर्यंत पोचली.

"थंड शे," ती म्हणाली. पण तोंडावरची भीती गेली नाही. कुंदाबाईची गाठही थंडच होती.

मॅनेजर हितेंद्र आला. माणूस वाईट नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, रुमालाने मान पुसली.

"धुरपदाबाई, खिळा गेला असेल. पण ठिणगी पडलीच, असं कुठे आहे?"

"नही पडनी व्हई."

"मग? हमाल घरी गेले. तळाची गाठ काढायची म्हणजे अख्खा ट्रक उतरवायचा."

मलाही खात्रीने काही सांगता येईना. नवल हसला.

"माय, तू दरसाल घाबरस."

"हा. या साल बी घाबरस."

तिने घरातून आणलेली डब्याची पिशवी उचलली आणि केबिनचं दार उघडलं. वर चढली, बसली.

"आते हाई काय?" नवल म्हणाला.

"तुनासंगे येस."

"आनि गाठ पेटनी तर तू काय करशी?"

"तुले वढीसन बाहेर काढसू."

ती हे रागाने म्हणाली नाही. काम सांगतात तसं म्हणाली. नवल दुसऱ्या दाराने आत बसला होता, किल्ली लावली होती. त्याने तिच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. कुंदाबाईचं तो लहानपणापासून ऐकत आला होता. किल्ली काढून त्याने खिशात टाकली आणि खाली उतरला.

"साहेब, हमाल बोलवा. नाहीतर मी एकटा उतरवतो."

तो दोर सोडू लागला.

एका गाठीचं वजन पावणेदोन क्विंटल. आकडा लावून ती आधी उभी करायची, मग ट्रकच्या कडेला आणायची, मग पाय वाचवून खाली सोडायची. घाई केली की बोट जातं. हमाल शिव्या देत आले, पण आले. मीही आकडा धरला. दिवस मावळेपर्यंत कुंकवाच्या तिन्ही गाठी निघाल्या. त्या चिमणीच्या पायथ्याशी मोकळ्यावर लोटल्या, एकमेकींपासून दूर. त्यांच्या जागी दुसऱ्या तीन ठेवून बाकीच्या परत भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नवल निघाला.

सकाळभर धुरपदाबाई त्या गाठींपाशी उभी होती. हात लावायची, मागे व्हायची. हमाल चिडवायला लागले होते. ट्रकला उशीर का झाला, ते हितेंद्रला मालकाला सांगायचं होतं.

दुपारी मधल्या गाठीच्या कुंकवाशेजारी भाकरीएवढा तपकिरी डाग उमटला. मग उदबत्तीसारखा धूर.

"मांगे व्हा!" ती ओरडली. "बठ्ठा मांगे व्हा!"

गाठ आवळणारी पट्टी तडकली. आवाज गोळी सुटल्यासारखा झाला. गाठ फुलली आणि जाळ माणसाच्या डोक्यावर गेला. चिमणीतले सगळे पोपट एकदम बाहेर पडले. आम्ही पाण्याचा पाइप ओढत होतो, पण जवळ जाववत नव्हतं. कापडावरचं कुंकू काळं होताना दिसत होतं.

धुरपदाबाई आगीकडे बघत नव्हती. ती नवलला फोन लावत होती. आदल्या दिवशी ती गाठ अख्खी दुपार त्याच्या ट्रकमध्ये बाकीच्यांना चिकटून पडली होती.

"कोठे शे?"

"साक्रीना पुढे. काब्र?"

"गाडी थांबाड. रानमा घे, मोकळामा. खाले उतर."

त्याने आग ऐकली असावी, कारण काही विचारलं नाही. ब्रेक लागल्याचा आवाज फोनमधून आला. मग दार. मग दोर सुटल्याचा. आम्ही पाणी मारत होतो आणि ती एक कान झाकून उभी होती.

"तळले हात घाल. खांदापावत."

ताडपत्री सरकल्याचा आवाज आला.

"थंड शे, माय."

"बोटं पसार."

"पसारं. थंड शे."

"एक पाऊल सरक," ती म्हणाली. "परत घाल."